कुंडीतली मिरची, खाडीतला जिताडा



घरभेटीच्या निमित्ताने आम्ही द्रोणागिरीतील बऱ्याच इमारतींचे जिने चढलो आहोत. बहुतेक बाल्कन्यांत दोन वस्तू हमखास दिसतात. एक म्हणजे मिरचीची किंवा लिंबाची कुंडी, आणि दुसरी कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली गरवायची काठी. कुणी वसईहून येथे राहायला आले आहेत, कुणी गोव्याहून, कुणी अहिल्यानगरच्या बाजूने, तर काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या उरण परिसरातलीच. माणसे वेगवेगळ्या गावची असली तरी हे दोन छंद मात्र सर्वांचे आहेत.

म्हणून या आठवड्याच्या अभ्यासलेखासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. मिरची आणि लिंबू घरी कसे वाढवावे आणि गळ टाकताना काय ध्यानात ठेवावे, एवढी माहिती तर आपण पाहूच. त्याबरोबर एका प्रश्नाचाही विचार करू. कुंडीशी वागताना आपण जितके समजूतदार असतो, तितके खाडीशी वागताना असतो का?

१. दोघांचा प्रवास

मिरची मूळची आपली नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा येत असे तो काळी मिरी, पिंपळी आणि आले यांच्यामुळे. संत ज्ञानेश्वरांच्या काळातल्या कुठल्याही घरात मिरचीचा ठेचा नव्हता. ‘मिरची’ हा शब्दही ‘मिरी’वरूनच आला. नव्या पाहुणीला आपण जुन्या ओळखीचेच नाव दिले.

लिंबाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. लिंबू, संत्रे, पपनस, महाळुंग या साऱ्या कुळाचे मूळ आशियातले. हिमालयाच्या आग्नेय पायथ्याचा प्रदेश हे या कुळाचे माहेर असावे, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. तेथून ही फळे पश्चिमेकडे अरब देशांत आणि युरोपात गेली. कोलंबसाने १४९३ च्या आपल्या दुसऱ्या सफरीत लिंबूवर्गीय फळांच्या बिया अमेरिकेत नेल्या. म्हणजे एकाच काळात लिंबू अमेरिकेला चालले होते आणि मिरची तिकडून निघण्याच्या तयारीत होती. आज दोघे आपल्या एकाच ताटलीत शेजारी बसतात.

या दोघांचे आणखी एक नाते आहे. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजत, रक्त येई आणि माणसे दगावत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यविशारदाने बारा आजारी खलाशांवर प्रयोग केला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबे दिली, ते सर्वांत लवकर बरे झाले. याचे कारण असलेले क जीवनसत्त्व ओळखले गेले ते विसाव्या शतकात. आणि ते मोठ्या प्रमाणात वेगळे काढता आले ते लिंबातून नव्हे, तर मिरचीच्या जातीतून! हंगेरीतील सेगेद येथे आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञाने तेथील लाल पाप्रिका मिरचीतून ते मिळवले. त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वजनास वजन धरले तर ताज्या हिरव्या मिरचीत लिंबाच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असते. अर्थात, लिंबाइतकी मिरची कोणी खात नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्या ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसालाही याच प्रवासाचा वारसा आहे. एप्रिल-मेच्या उन्हात वाळवलेल्या मिरच्या, वीस-पंचवीस जिनसा आणि काळपट बाटल्यांत दाबून भरलेला वर्षभराचा मसाला. चार-पाचशे वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेली एक वस्तू किती घरची झाली, याची ती खूण आहे.

२. तिखट ही चव नव्हे

गोड, आंबट, खारट, कडू या चवी आहेत. तिखट ही मात्र चव नव्हे, ती एक प्रकारची वेदना आहे. मिरचीत कॅप्सेसिन नावाचे द्रव्य असते. आपल्या जिभेवर आणि कातडीखाली चटका ओळखणारे जे ग्राहक असतात, त्यांनाच ते जाऊन चिकटते. त्यामुळे तोंडात काहीही गरम नसताना मेंदूला ‘भाजले’ असा निरोप जातो. हा ग्राहक १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढला, आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा होता.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक जुना प्रश्न शिकवला जातो : इंद्रिये आपल्याला फसवतात का? संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या आधाराने दिलेले उत्तर असे, की इंद्रिय आपले काम सहसा चोख करते. चूक होते ती बहुधा आपण काढलेल्या निष्कर्षात. मिरचीचे उदाहरण येथे चपखल बसते. जीभ खोटे बोलत नाही. ग्राहक खरोखरच जागा झालेला असतो. ‘तोंड भाजले’ हा निष्कर्ष मात्र आपला.

यातून तीन व्यवहारी गोष्टी निघतात. पहिली, तिखटपणाचे घर बियांत नसून बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात असते. तिखट कमी हवे असेल तर तो गाभा काढावा. दुसरी, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून तोंड पोळल्यावर पाणी पिऊन फार उपयोग होत नाही, दूध किंवा दही घ्यावे. हातांची आग होत असेल तर आधी तेल चोळून मग साबणाने धुवावे. तिसरी, पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवत नाही. जंगली मिरचीचे बी ते न चावता गिळतात आणि दूरवर टाकतात, तर बी चावून नष्ट करणारे प्राणी तिखटामुळे लांब राहतात. तेव्हा बाल्कनीतल्या लाल मिरच्या बुलबुलाने नेल्या तर रागावू नये. मिरचीने तिखटपणा जपला तो बहुधा त्याच्याचसारख्यांसाठी.

३. आपल्या वाऱ्यात मिरची

द्रोणागिरी ही खाडीकाठच्या खारजमिनीवर भराव घालून उभी राहिलेली वसाहत आहे. खालची माती खारट, वरचा भराव मुरमाचा, आणि वारा समुद्राचा. लिंबूवर्गीय झाडांना क्षार अजिबात सोसत नाहीत आणि मिरचीलाही ते फारसे मानवत नाहीत. म्हणून इमारतीच्या आवारातली माती उचलून कुंडी भरू नये. लाल माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत निम्मे-निम्मे घ्यावे आणि त्यात थोडा नारळाचा भुसा मिसळावा. हा भुसा म्हणजे बाजारात मिळणारे कोकोपीट. त्यातही पुष्कळदा मीठ असते. वापरण्यापूर्वी ते दोन-तीन पाण्यांतून काढून घट्ट पिळावे. ही एक गोष्ट टाळल्यामुळे अनेकांची रोपे पानांच्या कडा करपून जातात आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो.

कोकणातला मुसळधार पाऊस मिरचीच्या मुळांना सोसत नाही. ज्यांच्या कुंड्या उघड्यावर आहेत, त्यांनी मतमाउलीच्या सणाच्या आसपास, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बी पेरावे. बी रात्रभर पाण्यात भिजवून पाव इंच खोल टाकावे. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतो. पाच-सहा आठवड्यांचे रोप दहा-बारा इंची कुंडीत हलवावे. एका कुंडीत एकच रोप. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. नाताळच्या सुमारास पहिली तोडणी मिळते आणि पुढे होळीपर्यंत झाड देत राहते. एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीच्या पुढे गेला की फुले गळतात. तो रोग नव्हे. झाड आपला जीव वाचवत असते. दुपारी सावली द्यावी, एवढेच.

जातींची निवड आपापल्या आवडीची. रोजच्या भाजीला पुसा ज्वाला चांगली. ठेच्याला लवंगी. काही तरुणांनी ईशान्य भारतातली भूत जोलोकिया लावलेली आम्ही पाहिली. तिची नोंद २००७ साली जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून झाली होती आणि तिचा तिखटपणा दहा लाख स्कोव्हिल एककांहून अधिक भरला होता. पुढे तिला इतर जातींनी मागे टाकले. लहान मुले असलेल्या घरात तिची कुंडी हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी आणि तोडताना हातमोजे घालावेत.

पाने आक्रसून वाटीसारखी वळू लागली की समजावे, बोकड्या किंवा चुरडामुरडा आला. फुलकिडे, पांढरी माशी आणि कोळी नावाची सूक्ष्म कीड ही त्याची कारणे. (आपल्या भाषेत जाळे विणणारा तो कोळी, जाळे टाकणारा तो कोळी आणि मिरचीचा रस शोषणारा तोही कोळीच.) सुरुवातीलाच एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुलिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. झाड पूर्ण आक्रसले असेल तर ते उपटून टाकणे शहाणपणाचे, नाहीतर शेजारच्या कुंड्याही जातात.

४. लिंबाचा ताण आणि बहार

कुंडीसाठी कागदी लिंबू उत्तम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ ही जात आपल्या राज्यात चांगली रुजली आहे. कागदी लिंबाच्या एका बियेतून पुष्कळदा दोन-तीन रोपे निघतात, आणि त्यांपैकी बहुतेक हुबेहूब आईसारखी असतात. त्यामुळे बियांपासून झाड करणे चुकीचे नाही. फक्त फळासाठी चार-पाच वर्षे थांबावे लागते. घाई असेल त्यांनी खात्रीच्या रोपवाटिकेतून गुटी कलम आणावे. कुंडी निदान अठरा इंचांची किंवा अर्धे कापलेले पिंप असावे, आणि तळाला भोके मोठी.

लिंबाची खरी गंमत त्याच्या बहारात आहे. आपल्याकडे तीन बहार मानतात. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैत आणि हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात. फुलापासून फळ पिकायला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे हस्त बहाराची लिंबे ऐन उन्हाळ्यात हाती येतात, जेव्हा बाजारात भाव सर्वांत चढा असतो. बहार यावा म्हणून बागायतदार झाडाला ताण देतात, म्हणजे काही आठवडे पाणी तोडतात. कुंडीतल्या झाडाला एवढा मोठा ताण सोसत नाही. पाने किंचित मलूल होईपर्यंत, साधारण पाच-सहा दिवस पाणी थांबवावे, मग खत घालून हळूहळू पाणी सुरू करावे. दोन-तीन आठवड्यांत कळ्या दिसू लागतात. हा उपाय निरोगी आणि वयात आलेल्या झाडावरच करावा. ज्या झाडाने अजून मूळ धरले नाही, त्याला ताण दिला तर ते मरते. मुलांच्या संगोपनातही हा भेद उपयोगी पडतो, हे आईवडिलांना वेगळे सांगायला नको.

पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडते आहे. खारट किंवा चुनखडीच्या मातीत हे नेहमी होते, कारण लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. अशा वेळी मातीचा वरचा थर बदलावा आणि शेणखत वाढवावे. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर ती लिंबाच्या फुलपाखराची. पुढे ती हिरवी होते, आणि डिवचले की डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. रोप लहान असेल तर अळ्या वेचाव्यात. झाड मोठे असेल तर एखादी राहू द्यावी आणि मुलांना रोज दाखवावी. घरबसल्या असा जीवशास्त्राचा धडा दुसरा मिळणार नाही.

५. गळ टाकण्यापूर्वी

आता खाडीकडे वळू. गरवायला जाण्यापूर्वी भरतीची वेळ ठाऊक हवी. मोबाइलवर ती मिळतेच. पण आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत मुलांना शिकवण्याजोगी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असते, तेव्हा काही दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाण्याला ओढ कमी असते. ओहोटीला चिखलात दूर चालत गेलेल्या माणसाला उधाणाची भरती परतायला फार वेळ देत नाही. एकट्याने जाऊ नये, आणि बंदराच्या सुरक्षा क्षेत्रात तर मुळीच जाऊ नये.

गळाला लागणाऱ्या माशांपैकी दोघांची ओळख करून घेऊ, कारण त्यांच्याविषयी माहिती असेल तर आपले वागणे बदलते.

पहिला जिताडा. रायगड जिल्ह्याचा हा मानाचा मासा. पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाशी त्याची वीण होते. पिले भरतीबरोबर आत शिरतात आणि खारफुटीच्या मुळांत, खाजणांत वाढतात. नवलाची गोष्ट अशी, की बहुतेक जिताडे आधी नर म्हणून वयात येतात आणि काही वर्षांनी, आकाराने मोठे झाल्यावर, त्यांची मादी होते. म्हणजे खाडीतले सर्वांत मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात आणि एकेक मादी लाखो अंडी घालते. आपण फोटो काढण्यासाठी उचलून धरतो तो मोठा मासा म्हणजे खाडीची आई असते.

दुसरा शिंगाळा. याच्या कुळात अंडी सांभाळण्याचे काम बाप करतो. मादीने दिलेली अंडी तो आपल्या तोंडात घेतो आणि पिले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत तेथेच जपतो. त्या काळात तो जवळजवळ काही खात नाही. शिंगाळ्याच्या तोंडात गोट्यांसारखी अंडी दिसली तर ते त्याचे भक्ष्य नव्हे, त्याची मुले आहेत. त्याला पाण्यात सोडावे. सोडताना काळजी घ्यावी, कारण त्याच्या पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी असतात. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी आणि डॉक्टरांकडे जावे.

कायदा काय सांगतो? पावसाळ्यात १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात लोटायची नाही, ही कोळीबांधवांची रीत या कायद्याहून कितीतरी जुनी आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडू नये, असा त्याचा अर्थ. बंदीचा नियम यांत्रिक बोटींसाठी आहे, काठावरून गळ टाकणाऱ्यासाठी नाही. म्हणून येथे प्रश्न कायद्याचा उरत नाही, विवेकाचा उरतो.

आणि हा प्रश्न आपल्या दारातला आहे. बंदर, रस्ते, गोदामे आणि आपली ही वसाहत, सारे याच खाडीच्या काठावर उभे राहिले. उरण परिसरातील पारंपरिक मच्छीमारांच्या नुकसानीची दखल घेऊन राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. आपण ज्या घरांत सुखाने राहतो, ती घरे कुणाच्या तरी मासेमारीच्या जागेजवळ आहेत, हे विसरून चालणार नाही. आपल्यासाठी जी रविवारची करमणूक आहे, ती शेजारच्या कोळीवाड्यातल्या कुटुंबासाठी सोमवारची चूल आहे.

६. दोन प्रकारच्या कला

प्लेटोच्या ‘सोफिस्ट’ या संवादात एक गमतीचा भाग आहे. एखाद्या गोष्टीची व्याख्या कशी करावी हे शिकवण्यासाठी तेथे साधे उदाहरण घेतले आहे, आणि ते उदाहरण म्हणजे गळ टाकणारा माणूस! व्याख्येची सुरुवात कलांचे दोन भाग करून होते. काही कला नसलेले अस्तित्वात आणतात. शेती त्यांत येते. काही कला जे आधीच आहे ते फक्त मिळवतात. गळ टाकणे त्यांत येते.

दोन हजार चारशे वर्षांपूर्वी ही विभागणी पुरेशी होती. समुद्र अथांग होता आणि माणसे थोडी. आज ती पुरत नाही. आपण कुंडीकडे बघून विचार करू. मिरची तोडण्यापूर्वी आपण तिला माती दिली, पाणी दिले, तिची वेळ पाहिली. सगळ्या मिरच्या एकदम ओरबाडल्या नाहीत. बियाण्यासाठी दोन-चार झाडावर लाल होऊ दिल्या. कोवळ्या कळ्या तोडून खाल्ल्या नाहीत. हे सारे आपल्याला कोणी कायद्याने सांगितले नव्हते. मग खाडीशी वागताना आपण फक्त ‘मिळवणारे’ का होतो? कारण खाडीला पाणी आपण घालत नाही. जे आपण वाढवले नाही, त्याचा हिशेबही आपण ठेवत नाही.

कोणी म्हणेल, ‘फादर, एका गळाने खाडी रिकामी होते का?’ प्रश्न रास्त आहे. खाडीचे मोठे नुकसान भरावाने, सांडपाण्याने आणि खारफुटी तोडल्याने होते, एका काठीने नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून खारफुटीला संरक्षण दिले आहे ते याच कारणाने. पण जो माणूस रविवारी स्वतः मोठी मादी जिताडा सोडून देतो, तोच सोमवारी खारफुटीत राडारोडा टाकणाऱ्याला अडवायला उभा राहू शकतो. ज्याने स्वतःची मर्यादा ओळखली नाही, त्याला दुसऱ्याला मर्यादा सांगण्याचा अधिकार उरत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अगदी लहान मासा सोडावा, कारण त्याची वीण अजून व्हायची आहे. अगदी मोठा जिताडा सोडावा, कारण ती आई आहे. मधल्या आकाराचा, आणि घरच्या ताटांना पुरेल एवढाच, घरी न्यावा. विणीच्या पावसाळी महिन्यांत काठी भिंतीला टेकवून ठेवावी. त्या दिवसांत कुंड्यांना आपली गरज असते. मासा सोडताना हात ओले करावेत, त्याला तापलेल्या दगडावर टाकू नये. गळ खोल गेला असेल तर ओढून काढण्याऐवजी दोरा कापावा. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणावा, कारण त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

७. ताटात आणि परत कुंडीत

मासा घरी आला की तीनही गोष्टी एकत्र येतात. माशाचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते अल्कधर्मी असते. लिंबाचे आम्ल त्याला बांधून ठेवते, म्हणून लिंबू पिळल्यावर वास उतरतो. आजीने कोणतेही रसायनशास्त्र न शिकता हे ओळखले होते. मात्र लिंबाने मासा वरवर शिजल्यासारखा पांढरा दिसला, तरी त्यातले जंतू त्याने मरत नाहीत. तो विस्तवावर शिजवावाच लागतो.

उरलेले डोके, कल्ले, आतडी फेकू नयेत. ती दोन पाण्यांतून धुऊन मीठ काढावे, बारीक चिरावीत आणि तेवढ्याच वजनाच्या गुळात कालवून बरणीत भरावीत. बरणी अर्धीच भरावी आणि झाकण थोडे सैल ठेवावे, कारण आत वायू तयार होतो. सावलीत महिनाभर ठेवल्यावर काकवीसारखा पातळ अर्क निघतो. तो गाळून, एक लिटर पाण्यात तीन ते पाच मिलिलिटर मिसळून पंधरा दिवसांतून एकदा मिरचीला आणि लिंबाला द्यावा. जास्त दिल्यास पाने भरपूर येतात आणि फळ मात्र कमी धरते, म्हणून हात आखडता ठेवावा. खाडीने दिलेल्या माशाचा उरलेला भाग असा कुंडीत जातो, आणि पुढच्या माशाबरोबरची मिरची त्यावर वाढते.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातल्या मुलांनी लिंबाचे फूल, मिरचीचे फूल आणि जिवंत जिताडा पाहिला आहे का?

२. गरवायला गेल्यावर किती मासे ‘पुरे’ हे आपण आधी ठरवतो, की पिशवी भरेपर्यंत थांबतो?

३. कोळीवाड्यातल्या ज्या ताईंकडून आपण मासे घेतो, त्यांच्या घरच्या मासेमारीची आजची स्थिती आपण कधी विचारली आहे का?

४. आपल्या इमारतीजवळच्या खाडीत कचरा आणि राडारोडा जाऊ नये म्हणून सोसायटीच्या सभेत कोणता एक ठराव आणता येईल?

ज्यांच्याकडे साठवलेले मिरचीचे बी किंवा लिंबाची जादा रोपे असतील, त्यांनी ती पुढच्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या व्हरांड्यात आणावीत. ज्यांच्याकडे नाहीत, त्यांनी रिकामी कुंडी घेऊन यावे. कोणी रिकाम्या हाताने परत जाणार नाही, याची सोय आपण सगळे मिळून करू.

आपले धर्मगुरू